स्वयंपाकघरामागची कबर

बेथेल गॅप, पोर्टलँड, जमैका
४ ऑगस्ट १९८६

लाडके लाली,

हे पत्र मिळेल तेव्हा तुझे गुडघे माझ्या गुडघ्यांपेक्षा बरे असोत. मी तिसरीपर्यंत शिकलेली, तेव्हा ओळी वरखाली गेल्या तर तू मान तिरकी कर.

तुझं पत्र आलं. पोस्टातल्या मिस पर्लीनने ते आधी उजेडाकडे धरून बघितलं. म्हणते, "मिस आयसी, बर्मिंगहॅमहून काहीतरी मोठं आलंय." मी म्हटलं, "वाचलंच असशील तर सांगून टाक बाई, माझा चष्मा घरी राहिलाय." तर तिने सांगितलं, तू नाताळला येतेस! एकतीस वर्षांनी! मी अशी ओरडले की मागे उभ्या म्हाताऱ्याने डोक्यावरची टोपी काढली. त्याला वाटलं कुणी गेलं.

आता माझी बातमी ऐक. माझ्या रताळ्याचे वेल कोणीतरी रोज कुरतडत होतं. मी म्हटलं, शेजारच्या मास ओबीचा बोकड. दोन आठवडे कुंपणावरून त्या बोकडाला शिव्या घातल्या, थोड्या मास ओबीलाही घातल्या, कारण तो मध्येच उभा होता. मग परवा पहाटे चूल पेटवायला उठले, तर स्वयंपाकघरामागच्या चुनखडीच्या खडकात, फटीच्या तोंडाशी, कोण बसलेलं? कोनी! पापा आजोबा डोंगरातून मारून आणायचा ना, तोच. मांजराएवढा, तपकिरी, मान नाहीच, शेपूट असून नसल्यासारखं. उंदराचा एखादा मोठा भाऊ शिकून साहेब झाला तर कसा दिसेल, तसा. पुढच्या दोन पायांत माझं रताळं धरून खात होता. मला बघून पळालासुद्धा नाही. रताळं फिरवून दुसऱ्या बाजूने खायला लागला. आणि आत आणखी दोन!

माझी नात डॉनेट, पोर्ट अँटोनियोच्या शाळेत शिकवते ती, दर शनिवारी येते. ती म्हणाली, "आजी, हे जनावर साऱ्या जगात फक्त जमैकात आहे, आणि इथेही आता थोडीच उरलीत." म्हणजे बघ, राणीकडेसुद्धा नाही. हवं असेल तर तिला माझ्या स्वयंपाकघरामागे यावं लागेल.

पहिल्या दिवशी काय जेवशील ते कळव. परदेशातून आलेल्या माणसाचं पहिलं ताट त्याच्या मर्जीचं, ही आपली रीत. मागशील ते रांधीन. बायबलवर हात ठेवून लिहितेय, म्हणून अक्षर वाकडं आलंय.

तुझी मावसबहीण,
आयसिल्डा


हँड्सवर्थ, बर्मिंगहॅम
२७ ऑगस्ट १९८६

आयसी,

काय जेवशील म्हणून विचारतेस? आणि वर तेच जनावर मागच्या दारी बसवून ठेवलंयस! अगं, कोनी! पापा करायचा तसा. पिमेंटोच्या लाकडावर धुरी दिलेला, मग नारळाच्या दुधात मिरची घालून तेल सुटेपर्यंत आटवलेला. आपण दोघी हाडं चोखायचो आणि पापा म्हणायचा, "पोरींनो, ताट खाऊ नका, ते मिशनचं आहे."

देवानेच तो तुझ्याकडे पाठवलाय. त्याला हुसकू नकोस. रताळी खाऊ दे, चांगला गुबगुबीत होऊ दे. मी अठरा डिसेंबरला येते. आधी कापू नकोस, मटण ताजंच हवं.

बाकी काही नको. बायबलवर हात ठेवलायस, लक्षात ठेव.

लाली


बेथेल गॅप
१२ सप्टेंबर १९८६

लाडके लाली,

पाऊस चांगला झालाय. ब्रेडफ्रूटचं झाड असं लगडलंय की खाली कोंबड्या उभ्या राहत नाहीत. डॉनेटचा नवरा नवे दात बसवून आलाय आणि आता विनोद नसतानाही हसतो.

बोकडाचं कालवण करू का? मास ओबीचा तो बोकड आता चांगला मोठा झालाय, आणि माझं त्याच्याशी तसंही बरं नाही. किंवा समुद्रावरून मासा मागवते. काळ्या केकसाठी मनुका रममध्ये घातल्यात, रोज बरणी उघडून बघते. जास्तच बघते बहुतेक, रम कमी होतेय.

त्या कोनींचं म्हणशील तर ते गेले गं. डोंगरात गेले. जनावरच ते, त्याचा काय भरवसा? शिवाय डॉनेट म्हणते, त्याला मारायला सरकारची बंदी आहे. आपल्या लहानपणीही होती म्हणे, पापाला कुणी कळवलं नव्हतं इतकंच.

तर बोकड की मासा, तेवढं लिही.

तुझी,
आयसी

ता. क. थोरली मादी गाभण आहे असं मला वाटतं. म्हणजे होती. जाताना.


हँड्सवर्थ, बर्मिंगहॅम
६ ऑक्टोबर १९८६

आयसी,

तुला खोटं बोलता यायचं नाही. लहानपणी साखर चोरून तूच बरणीवर ओल्या हातांचे ठसे ठेवायचीस. ते कुठेही गेलेले नाहीत.

तू करणार नसशील तर मी व्यवस्था केलीय. मास ओबीला पत्र टाकलं. त्याच्या पायाच्या मापाचे बूट पिंपात भरून बोटीने पाठवलेत. तो कुत्री घेऊन येईल आणि एक कोनी धरून ठेवेल. एकच. सगळ्यांना हात लावू नको असं बजावलंय. मी काही राक्षस नाही.

आता नीट ऐक, कारण हे मी चर्चमध्येही कुणाला सांगितलेलं नाही. माझा वेस्ली गेला त्याला पावणेदोन वर्षं झाली. त्या दिवसापासून माझ्या तोंडाला चव नाही. काहीही खा, कागद. डॉक्टर म्हणाला, जिभेला काही झालेलं नाही. मग कशाला झालंय? तो म्हणाला, वेळ द्या. मी बहात्तर वर्षांची, वेळ कुठून देऊ? मग मला वाटलं, जगात एक चव अशी आहे जी मी मेले तरी ओळखीन. ती पापाची. ती लागली तर मी अजून आहे. नाही लागली तर मग निदान कळेल तरी.

म्हणून हट्ट करतेय. आता बोल.

लाली


बेथेल गॅप
३० ऑक्टोबर १९८६

लाडके लाली,

तुझं पत्र वाचून मी चुलीपुढे बसून राहिले. डंपलिंग करपले. तू हे मला आधी का नाही लिहिलंस? पावणेदोन वर्षं तू मला हवामान लिहितेयस!

इथे सगळं ठीक आहे. तू येणार म्हणून घर आवरायला काढलंय. झाडांचे बुंधे आणि मागचे दगड चुन्याने पांढरे केले. मिस पर्लीन म्हणाली, "नाताळचा चुना ऑक्टोबरात?" मी म्हटलं, "लवकर उठणाऱ्याला ओरडायचं कशाला?" क्रोटनची रोपंही लावली, लाल आणि पिवळी, बरी दिसतात.

मास ओबी आला होता. नवे बूट घालून, दोन्ही कुत्री घेऊन. पण रिकाम्या हाताने परत गेला. का ते त्यालाच माहीत. देवाची मर्जी. बूट त्याला छान बसलेत, बोकडाला लाथ मारताना तर फारच शोभतात.

तू ये. बाकी काही विचारू नकोस.

आयसी


हँड्सवर्थ, बर्मिंगहॅम
१५ नोव्हेंबर १९८६

आयसिल्डा,

कबर कुणाची?

काल चर्चमध्ये सिस्टर मर्लीनने माझा हात धरला आणि रडायलाच लागली. तिची बहीण म्हणजे तुमची पोस्टातली पर्लीन. तिने लिहिलंय, मास ओबीने स्वतःच्या डोळ्यांनी तुझ्या स्वयंपाकघरामागे कबर पाहिली. चुन्याचे दगड, चारी बाजूंनी क्रोटन, सगळं रीतीप्रमाणे. त्याने टोपी काढली, रमचे दोन थेंब मातीवर टाकले आणि कुत्र्यांना आवरून मागे फिरला.

तुझा नवरा झेडकाया ब्रेडफ्रूटच्या झाडाखाली पुरलाय, ते मला माहीत आहे. मग ही नवी कुणासाठी? तू स्वतःसाठी बांधून ठेवली असशील तर कोणता आजार आहे ते लिही, आणि खोटं लिहू नकोस. मी रात्रभर डोळ्याला डोळा लावलेला नाही.

आणि माझ्यासाठी बांधली असशील तर! मर्लीन म्हणते, गावात सगळे हेच बोलतायत, की इंग्लंडची माणसं म्हातारपणी मरायलाच गावी येतात आणि आयसीने आधीच तयारी केलीय. बाई गं, मी तीन आठवड्यांसाठी येतेय! परतीचं तिकीट काढलंय!

ताबडतोब उत्तर दे. उत्तर येईपर्यंत बॅग भरणार नाही.

युलाली


बेथेल गॅप
२६ नोव्हेंबर १९८६

लाली, माझे बाई,

कुणी मेलेलं नाही. कुणी मरणार नाही. मी धडधाकट आहे, तूही माझ्यासाठी तशीच राहा.

आता सगळं सांगते. मास ओबी म्हणाला होता गुरुवारी येईन. मंगळवारी माझं डोकं चालेना. त्याच्याशी भांडून उपयोग नाही, तो ऐकू येत नसल्याचं सोंग करतो. सरकारची बंदी सांगितली तर म्हणतो, "सरकार कुठे डोंगर चढतं?" मग विचार केला, हा माणूस सरकारला भीत नाही, मला भीत नाही, मग कुणाला भितो? मेलेल्याला! पन्नास वर्षं शिकार केली, पण कबरीवरून कुत्रं कधी नेलं नाही. म्हणून रात्रीतून त्या खडकाभोवतीचे दगड पांढरे केले आणि क्रोटन रोवले. आतल्या जागेत, लाली, तुझी एक टाच मावेल. त्याने मोजून बघितलं नाही, माझं नशीब.

पण तो गावभर सांगेल हे मला सुचलं नाही. रविवारी चर्चमध्ये बाकावर माझ्या दोन्ही बाजूंची जागा मोकळी, सगळे हळू आवाजात बोलणारे. मग पास्टर घरी आले, माझा हात हातात घेऊन म्हणाले, "सिस्टर आयसी, छातीत दुखतं का?" मी म्हटलं, "मला काही झालेलं नाही." तसे बायकांनी आणखी सूप आणलं. लोकांना काय वाटतं, जो आजारी नाही म्हणतो तो फार आजारी. सूप चांगलं होतं, मी घेतलं.

मी तुझ्याशी खोटं बोलले. ते डोंगरात गेलेले नाहीत, इथेच आहेत. आणि गेल्या आठवड्यात थोरलीला पिल्लू झालं. लाली, तू ते बघायला हवंस! अंगावर केस घेऊनच आलं, डोळे उघडे, दुसऱ्या दिवशी आईमागे चालत बाहेर! आपल्या पोरांना चालायला वर्ष लागलं, डॉनेटच्या बापाला तर दीड. ते दाराशी बसून माझ्याकडे असं बघतं जसं मीच त्याच्या घरामागे राहायला आलेय.

मी सत्तर वर्षांची होईपर्यंत पुष्कळ जनावरं कापली. कोंबडी, बोकड, डुक्कर. पण ज्याच्यासारखं जगात दुसरीकडे कुठेच नाही, आणि जे माझ्या दारात विश्वासाने बसतं, त्याच्यावर माझा हात चालत नाही. तुझ्या चवीसाठी मी दुसरं काहीही करीन. बायबलवर हात ठेवून दिलेला शब्द मी मोडतेय, तो हिशेब मी देवापुढे उभी राहून सांगेन. पण कोनी देणार नाही.

रागावणार असशील तर इथे येऊन रागाव.

तुझी,
आयसी


हँड्सवर्थ, बर्मिंगहॅम
६ डिसेंबर १९८६

आयसी,

पत्र आलं. आधी दहा मिनिटं तुला शिव्या दिल्या, मग बसले आणि हसले. एकटीच, मोठ्याने. वरच्या भाडेकरूने खाली येऊन विचारलं, ठीक आहात ना.

तू कबर अर्धवट केलीस. नुसता चुना किती दिवस पुरेल? मास ओबीला नाताळनंतर शंका येईल. त्या कबरीवर कुणी रडलेलं नाही, गायलेलं नाही, फुलं नाहीत. मेलेल्याला माणसं लागतात, मूर्ख. मी येते आणि नीट उरकते. काळा पोशाख आणतेय. तू फक्त फुलांचा गोल हार कर, खऱ्या पानाफुलांचा, आणि पास्टरला सांग एक गाणं तयार ठेवा.

जेवायला काहीही कर. मला कागदाची सवय आहे.

अठरा तारखेला.

लाली


बेथेल गॅप
१९ जानेवारी १९८७

लाडके लाली,

तू गेलीस आणि घर असं रिकामं झालंय की कोंबड्यासुद्धा आत येऊन बघून जातात. तुझी मोज्यांची एक जोडी राहिली. ठेवून दिलीय, म्हणजे तुला परत यावं लागेल.

मास ओबीचं पक्कं झालं. तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मी उठले तर हाराची सगळी पानं फस्त, नुसती वेताची कडी उरलेली. तो कुंपणावरून बघत होता. मी म्हटलं, कोनींनी घात केला, आता बिंग फुटणार. तर म्हणतो, "मिस आयसी, ज्याचं त्याने स्वीकारलं." आता तो कुत्र्यांना त्या बाजूला बघूसुद्धा देत नाही. दर रविवारी रमचे दोन थेंब टाकायला येतो, आणि चार थेंब स्वतः घेतो.

पण मला एक सांग. आपलं काय ठरलं होतं? हार ठेवायचा, एक गाणं म्हणायचं, मास ओबीला दिसलं की संपलं. रडायचं कुठे ठरलं होतं? पास्टरने विचारलं, "सिस्टर युलाली, आत कोण आहे?" आणि तू सरळ म्हणालीस, "माझा नवरा." मी जीभ चावली! वेस्ली बर्मिंगहॅमला पुरलाय हे अख्ख्या गावाला माहीत. पण कुणी हसलं नाही. सगळ्यांनी मान हलवली, जणू माणूस दोन ठिकाणी असू शकतो. आणि मग तू जी रडलीस! पास्टरचा दुसरा रुमाल निघाला. मला वाटलं, ही नाटकमंडळीत का नाही गेली? मग गाणं संपलं तरी तू रडतच राहिलीस, तेव्हा कळेना की खरं काय.

आणि नंतर बायकांनी पातेली आणली, बोकड, मासा, उकडलेली हिरवी केळी, आणि रात्रभर गाणी. तू चार ताटं जेवलीस. मी मोजली. तू इतक्या गंभीरपणे जेवत होतीस.

पिल्लू आता केवढं झालंय! फटीत एक तपकिरी लोकरीसारखं काहीतरी ओढून त्यात झोपतं. जुनी टोपी असावी. झेडकायाची तर नाही, त्याला टोपीसकटच पुरलं. कुठून आणली देव जाणे. डॉनेट म्हणते, काढू नको आजी, त्याला ऊब मिळते.

पोचल्याचं कळव.

तुझी,
आयसी


हँड्सवर्थ, बर्मिंगहॅम
४ फेब्रुवारी १९८७

आयसी,

पोचले. इथे बर्फ आहे.

ती टोपी वेस्लीची आहे. तू चहा करायला आत गेलीस तेव्हा मी ती दगडांमधून सरकवली. बॅगेत घेऊनच आले होते, तुला सांगायचं धाडस झालं नाही. त्याला गावी यायचं होतं. दर वर्षी म्हणायचा, पुढच्या वर्षी. आम्ही त्याला जानेवारीत पुरलं, जमीन गोठलेली, माणसं नऊ, आणि दफनभूमीचा मुकादम घड्याळ बघत होता, कारण अर्ध्या तासाने दुसरे लोक येणार होते. कुणी गायलं नाही. मीही नाही, दात वाजत होते. घरी येऊन सँडविच खाल्ले. तेव्हापासून कागद.

म्हणून मी नाटक करायला उभी राहिले खरी, पण तुम्ही सगळे गायला लागलात, मास ओबी तर बेसूर आणि सगळ्यांत मोठ्याने, आणि मला वाटलं, हे त्याचंच चाललंय. उशिरा का होईना. तेव्हा तू खोटी कबर बांधलीस म्हणून आता देवापुढे जाऊन काही कबूल करत बसू नकोस. ती खोटी राहिलेली नाही.

पिल्लू त्या टोपीत झोपतं हे वाचून मी हसले आणि रडले, दोन्ही. वेस्लीला ती टोपी कुणी हातात घेतलेली खपायचं नाही. त्या पिल्लाला माझा निरोप सांग, कडा खाऊ नको म्हणावं, महाग होती.

चार ताटांचं तू लिहिलंस. मलाही कळलं नाही मी किती जेवले, कारण मी जेवत होते, मोजत नव्हते. पण तिथे सगळेच वाढत होते, सगळेच गात होते. मला भीती होती की इथे परत आले, एकटी टेबलाशी बसले, की पुन्हा तेच.

काल नारळाच्या दुधात राजमा-भात केला. पहिला घास घेतला आणि थुंकला. आयसी, मी मीठ दोनदा घातलं होतं. भात खारट झाला, इतका खारट की डोळ्यांत पाणी आलं.

मी सगळा खाल्ला.

लाली